चहाबंदीचं घर

रत्नागिरीत खोली शोधताना तोवर मला दोनच प्रश्न विचारले गेले होते. मासे करणार का, आणि आडनाव काय. पहिल्याला खोटं सांगता येतं. दुसऱ्याला खरं सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली नेमकी आदल्या दिवशीच दुसऱ्या कोणाला देऊन झालेली निघाली. तिसरं घर नाचणे गावाच्या रस्त्याला होतं. जांभ्याच्या गडग्याच्या आत, पायरीवर, सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ मांड्यांमध्ये पितळी नळकांडं धरून त्याचा दांडा गरागरा फिरवत बसले होते. मला वाटलं, मिरी दळतायत. मी खोलीबद्दल विचारलं. त्यांनी मान वर न करता हाताने मला थांबवलं, आणखी वीसेक फेरे पुरे केले आणि मग विचारलं, "चहा की कॉफी?"

"काही नको काका, पाणी चालेल."

"पाहुणचार नाही करत मी. तू काय पितेस ते विचारतोय."

मी म्हटलं, चहा पिते, पण कॉफीही चालते. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे मी वर्गात बघते तसं. "शिकशील," ते म्हणाले, आणि खोली मला मिळाली. आडनाव त्यांनी करारनामा लिहिताना विचारलं, तेही त्यातली वेलांटी पहिली की दुसरी एवढ्यासाठी. ह्या एका गोष्टीपायी मी त्यांना पुढची तीन वर्षं पुष्कळ काही माफ केलं, आणि माफ करायला त्यांनी मला भरपूर दिलं.

करारनाम्यातलं सातवं कलम असं होतं: "सदर जागेत भाडेकरू मासे, मटण, सुकट इत्यादी शिजवू शकेल. चहा उकळणार नाही." स्टँप पेपरवर, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मी शाळेत हे सांगितलं तेव्हा आमच्या शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे हसले. मीही हसले. चहाशिवाय राहणं किती अवघड असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

काकांची नोकरी पोफळीला वीजघरात झाली. डोंगराच्या पोटात बसून त्यांनी पस्तीस वर्षं दर तासाला काट्यांवरचे आकडे वहीत उतरवले. निवृत्त झाले, इथे घर बांधलं, आणि मग लक्षात आलं की दर तासाला उतरवण्यासारखं घरात काहीच नाही. काकू सांगायच्या की पहिल्या वर्षी त्यांनी विहिरीतल्या पाण्याची उंची लिहिली, दुसऱ्या वर्षी दूधवाल्याच्या येण्याची वेळ. दूधवाला वैतागून दुसरीकडे गेला. मग पोफळीच्या वसाहतीतल्या एका जुन्या कानडी शेजाऱ्याने त्यांना चिकमगळूरच्या एका मळेवाल्याचा पत्ता दिला आणि घरी कॉफीच्या बिया कुरिअरने यायला लागल्या. काकांना हवं होतं ते सापडलं. कॉफीत मोजायला खूप असतं.

आयुष्यभर वीज केलेल्या ह्या माणसाच्या कॉफीत विजेचा एक थेंब नव्हता. दळायला ते पितळी हातयंत्र. वजनाला सोनाराकडचा काटा. पाणी विहिरीचं, कारण नळाच्या पाण्याला म्हणे औषधाचा वास येतो. ओतायला लांब बारीक मानेची किटली, जिला काकू 'बगळी' म्हणत. चिनीमातीचं नरसाळं, त्यात कागदाचं गाळणं, खाली काचेचा चंबू. गळ्यात खेळाच्या मास्तरांसारखं सेकंदाचं घड्याळ. पंधरा ग्रॅम बिया, एकशे साठ फेरे, अडीचशे ग्रॅम पाणी, उकळी मोडल्यावर मनात चाळीसपर्यंत मोजायचं. पाणी ग्रॅमात मोजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. "मोजलं नाही ते झालं नाही," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी कानी पडायचंच.

त्यांची आणखीही वचनं होती. "चहा म्हणजे घाई." "दूध घालणं म्हणजे पुरावा नष्ट करणं." साखर मागणाऱ्याला ते साखर देत, पण बशीत, वेगळी, चमचा न देता. "खा," म्हणत. एकदा काकूंच्या भावाने, गावाहून दोन एसट्या बदलून आलेल्या माणसाने, दारात बसल्या बसल्या चहा मागितला. त्याला पाऊण तास व्याख्यान आणि पाऊण कप काळी कॉफी मिळाली. तेव्हापासून तो गणपतीतही येतो, मूर्तीला नमस्कार करतो, पाणी पितो आणि जातो. काकू हे सांगताना तांदूळ निवडत होत्या. खडा सापडला तो त्यांनी जरा जोरातच बाहेर टाकला.

सगळ्यात पवित्र वेळ म्हणजे अर्धं मिनिट. दळलेल्या कॉफीवर आधी थोडंसंच पाणी ओतायचं, मग ती फुगते, वर बुडबुडे येतात, आणि ती फुगेपर्यंत अर्धं मिनिट थांबायचं. कारण साधं आहे, नव्या भाजलेल्या बियांतली हवा निघून जायला हवी. पण काकांच्या घरात त्या अर्ध्या मिनिटात बोलायचं नाही असा दंडक होता. बोलल्याने हवा निघायची थांबते असं काही नाही, हे मी एकदा विचारून घेतलं. "थांबत नाही," ते म्हणाले, "पण माणसाला अर्धं मिनिट गप्प बसता आलं पाहिजे." एकदा त्याच वेळात पोस्टमन गेटवरून रजिस्टर आहे म्हणून ओरडत होता. आम्ही चौघं जण चंबूकडे बघत बसलो. पोस्टमन निघून गेला, आणि ते रजिस्टर आणायला दुसऱ्या दिवशी भर उन्हात काकू पोस्टात गेल्या.

आम्ही चौघं म्हणजे काका, मी आणि रविवारची मंडळी. मंडळी दोनच: एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक आंबा बागायतदार. दर रविवारी दहाला ते येत, कप हातात घेत, आणि काका विचारत, "काय वास येतोय?" काका स्वतः आधी कधीच सांगत नसत. मला ती शिकवायची पद्धत वाटायची. बागायतदार कपात नाक घालून म्हणत, "फणस." मुख्याध्यापक लगेच म्हणत, "फणसच. बरका." मग काका डोळे मिटून, मान डोलवत, त्याच फणसावर दहा मिनिटं बोलत. मी बाई आहे, चौथीच्या वर्गाला शिकवते. कोण कोणाचं बघून लिहितंय ते मला पाठीमागूनही कळतं. पण माझी पाळी आली की मीही "संत्र्याचं साल" म्हणून मोकळी व्हायचे. सात फळं मी पाठ करून ठेवली होती आणि आळीपाळीने वापरायचे.

नाकाने कांदे सोलणारी माणसं कमी नसतात. पण काकांच्या नाकाची कीर्ती खरंच नाचण्याच्या बाहेर गेली होती. कोणी भाजलेले काजू वासासाठी दाखवायला आणी, कोणी आमसुलं. काका नाकाशी धरत, थांबत, आणि आणणाऱ्यालाच विचारत, "तुला काय वाटतं?" माणूस काहीतरी बोले आणि काका म्हणत, "बरोबर. नाक आहे तुला." माणूस खूश होऊन जाई.

आता काकूंची गोष्ट. मी राहायला आले त्याला चार दिवस झाले होते. माझी शाळा सकाळची, दीडला मी घरी. चार वाजता काकू जिना चढून वर आल्या, दार आतून लावलं, अंगणाकडची खिडकी बंद केली, आणि कमरेला खोचलेल्या रुमालातून एक पुडी काढली.

"काय करत्येस गो?"

"वह्या तपासतेय."

"त्या राहू देत. आधण ठेव."

पुडीत चहापूड होती, आणि एक आल्याचा तुकडा. मी सातव्या कलमाची आठवण करून दिली. "त्यावर साक्षीदार म्हणून सही माझीच आहे," काकू म्हणाल्या, "मला सांगू नकोस." आम्ही पातेल्यावर झाकण ठेवून चहा केला, देव नसलेल्या त्या खोलीत उदबत्ती लावली, आणि काकूंनी पहिला घोट घेतला तेव्हा त्यांचे डोळे खरंच पाण्याने भरले. बियांना वास लागतो म्हणून काकांनी एक दिवस घरातला चहाचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला होता, त्याला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं ह्या बाईने शेजारणीकडे, लग्नकार्यात, दवाखान्याबाहेरच्या टपरीवर असा चोरून चहा प्यायला होता. आता घरातच सोय झाली. रोज चारला खाली काकांचं दुसरं दळण सुरू होई, ते एकशे साठ फेरे ऐकू यायला लागले की काकू वर निघत. खिडकी बंद, झाकण, उदबत्ती, आणि जाताना तोंडात बडीशेप. मी रोज घाबरायचे. खोली गेली तर तिसऱ्या घरानंतर चौथं मला कोण देणार होतं?

दुसऱ्या वर्षी माझी आई पूर्णगडजवळच्या आमच्या गावाहून आठ दिवस राहायला आली. काका मला महिन्याचं कॉफीचं रेशन एका खास काचेच्या डब्यात देत. झाकणाला रबराची चकती आणि तारेची कडी, हवा आत जायची नाही बाहेर यायची नाही. बिया संपल्या की डबा परत. त्या महिन्यात बिया संपल्या आणि आईने डबा हातात घेतला.

"खाली देऊन येत्ये," ती म्हणाली.

"दे. धुतलाय मी."

"रिकामा डबा द्यायचा काय गो कोणाच्या घरी? शोभतं काय?"

आमच्याकडे दिलेलं भांडं रिकामं परत जात नाही. साखर घाला, मूठभर तांदूळ घाला, पण काहीतरी घाला. आईने गावाहून स्वतः सोललेले, उन्हात वाळवलेले सोडे आणले होते. डबा काठोकाठ भरला, कडी लावली आणि काकूंच्या हातात नेऊन दिला. काकू हरखल्या. सुक्या कोळंबीचं एवढं चांगलं वाण बाजारात मिळत नाही, म्हणाल्या. त्यांनी सोडे पत्र्याच्या डब्यात काढले, काचेचा डबा साबणाने धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि काकांच्या फळीवर नेऊन ठेवला. सगळं रीतीने झालं. फक्त रबराच्या चकतीचा विचार कोणी केला नाही.

त्याच सुमाराला काकांच्या घरी कधी नव्हे ती गडबड सुरू झाली. चिकमगळूरचा तो मळेवाला सहकुटुंब गणपतीपुळ्याला येणार होता आणि जाता जाता काकांच्या हातची कॉफी प्यायला थांबणार होता. फोनवर तो म्हणाला होता की मराठी गिऱ्हाइकांसाठी पाकिटात एक कागद घालावा म्हणतो, कॉफी कशी करायची त्याचा, तुम्ही लिहाल का. काकांनी अकरा पानं लिहिली. मी ती शुद्धलेखनासाठी वाचली. पाकिटाला अकरा पानं जास्त होतील असं मी सुचवलं. "कमी कशी करू?" ते म्हणाले. एवढी वर्षं काट्यांवरचे आकडे उतरवले, त्यावर कधी त्यांचं नाव आलं नाही. ह्या कागदाखाली नाव येणार होतं. त्यासाठी त्यांनी मळेवाल्याच्याच मळ्यातल्या, खास मागवलेल्या बिया ठेवल्या. त्या काचेच्या डब्यात, तीन आठवडे, कडी घट्ट लावून.

मळेवाला आला. शांत, पिकल्या मिशांचा माणूस, बेळगावकडची मराठी बोलणारा. बायको आणि मुलं गाडीतून उतरून विहीर बघायला गेली. रविवारची मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून हजर. काकू दारात, मी कपांचं ताट घेऊन उभी. काकांनी डबा उघडला, पंधरा ग्रॅम मोजले आणि दळायला लागले.

पन्नासाव्या फेऱ्याला मला वास आला. कॉफीचा होता, पण त्याच्या खालून सुक्या कोळंबीचा असा काही दर्प वर येत होता की मला आमच्या गावची वाळवणं दिसली. मी काकूंकडे पाहिलं. काकू डब्याच्या झाकणाकडे बघत होत्या. बागायतदारांनी रुमाल काढून नाकाला लावला आणि पुन्हा खिशात ठेवला. काका दळत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसता आनंद होता. मला वाटलं आता थांबतील, आता थांबतील. त्यांनी पाणी ओतलं आणि बोट वर केलं. अर्धं मिनिट कोणी बोललं नाही. त्या अर्ध्या मिनिटात कोळंबी फुगली म्हणायला हरकत नाही.

कप भरले गेले. काकांनी विचारलं, "काय वास येतोय?"

बागायतदार गप्प. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे बघितलं, तिथून काही मिळेना, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर उत्तर दिलं, "फणस."

"फणस," काका डोळे मिटून म्हणाले. "पिकलेला. आणि मागून किंचित…" ते कोणीतरी पुढचा शब्द देईल म्हणून थांबले. कोणी दिला नाही.

मळेवाल्याने एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "काका, हा वास माझ्या मळ्यातला नाही," तो हळू म्हणाला. "तुम्ही घेतलात का वास?"

काकांनी डोळे उघडले. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली, आणि त्यांना काय झालंय तेच कळत नव्हतं. तेवढ्यात दारातून काकू बोलल्या, "माझं चुकलं. मी त्या डब्यात सोडे ठेवले होते. आणि ह्यांना सकाळपासून पडसं आहे, तरी ऐकत नाहीत. म्हटलं होतं मी, आज नाक चोंदलंय, उद्या करा."

पडसं नव्हतं. सकाळी सात वाजता त्यांनी विहिरीवर थंड पाण्याने आंघोळ केली होती, मी वरून पाहिलं होतं. पण काकांना एवढी फट पुरली. त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि मग ते काकूंकडे वळले.

"अगो, चाळीस वर्षं संसार केलास. कुठला डबा कशाचा एवढं कळू नये? अक्कल नावाची वस्तू आहे की नाही? माझ्या फळीला हात लावलासच कशाला तू?"

ते बोलत राहिले, पाहुण्यांसमोर, आणि काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. डबा माझ्या आईने भरला होता. मी तोंड उघडलं, तर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट घेऊन आत गेले. मला अतोनात राग आला होता. त्यांचा, आणि आत निघून आलेल्या माझाही. मळेवाला भला होता. घरात असं होतं, म्हणाला, दुसऱ्या बिया पाठवतो म्हणाला. पण जाताना त्याने ती अकरा पानं मागितली नाहीत, आणि काकांनी दिली नाहीत.

चारला काकू नेहमीसारख्या वर आल्या आणि खिडकी बंद करायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, कशाला? त्यांना वास येत नाही. कसलाच येत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्या साथीत ताप आलेला ना, तेव्हापासून. दूध उतू जाऊन करपून कोळसा झालं. मी गेटापासून वासाने धावत आले, तर हे शेगडीच्या बाजूला पेपर वाचत बसलेले." त्यांनी कडी लावली. "तू यायच्या आधीची गोष्ट."

"मग ही उदबत्ती? हे झाकण? दीड वर्षं मी जीव मुठीत धरून चहा पितेय."

"मी राजरोस खाली चहा उकळला आणि ते काही बोलले नाहीत, तर त्यांना कळेल ना, मला कळलंय म्हणून." काकूंनी उदबत्ती पेटवली. "नाक सोडलं तर काय राह्यलंय त्यांच्याकडे? वहीच ना? तू बोलू नकोस काही."

मी न बोलण्याचं कबूल केलं आणि दुसऱ्याच दिवशी बोलायला खाली गेले. काका पायरीवर लाल पुठ्ठ्याची लांब वही घेऊन बसले होते. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "डबा तुझ्या आईने भरलेला. हिने नाही." आणि वहीतली नोंद दाखवली. कोणता डबा कधी कोणाकडे गेला, कधी परत आला, सगळं होतं.

"माहीत होतं, तर काकूंना का बोललात?"

"दुसरं काय बोलणार होतो?"

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "चुकलंच ते," मी म्हटलं. "ते तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

ते वहीची पानं मागे मागे उलटत गेले आणि शेवटच्या रकान्यावरचा हात काढला. रोज कॉफी करून झाली की त्या रकान्यात ते काहीतरी लिहायचे आणि तळव्याने झाकायचे, आम्हाला वाटायचं चवीचे गुण देत असतील. पानामागून पान तेच होतं. 'वास: शून्य.' एकदा सकाळी, एकदा चारला. दोन वर्षं आणि काही महिने.

"शून्य आलं म्हणून रीडिंग सोडायचं नसतं," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी काही आलं तर कळणार कसं?" मग आवाज खाली आणून, "हिला सांगू नकोस हां. तिला वाटतं मला वास येतो, म्हणून चहाच्या वाटेला जात नाही. एकदा का कळलं, की मग ह्या घरात नियम म्हणून काही राहणार नाही."

मला हसू आवरेना, आणि हसता तर येईना. ह्या माणसाचा कायदा मोडायला त्याची बायको रोज चारला जिना चढत होती, आणि तो कायदा शाबूत आहे असं त्याला वाटावं म्हणून तीच उदबत्तीवर उदबत्ती जाळत होती. आणि दोघांची गुपितं सांभाळायला भाडेकरू मी. त्यांनी काकूंची माफी मागितली का, मला माहीत नाही. मागितली नसावी. त्या आठवड्यात त्यांनी पोस्टातलं एक रजिस्टर मात्र स्वतः जाऊन आणलं. तो माफीचा प्रकार असेल तर फार स्वस्तातला होता, हे मी आजही म्हणेन. पुढच्या रविवारी मंडळी आली, "काय वास येतोय?" झालं, आणि बागायतदार म्हणाले, "आज फणस नक्की आहे."

आणखी दीड वर्षाने माझी बदली राजापूरला झाली. खोली सोडायच्या दिवशी काका भिंती, खिळे, नळ तपासायला वर आले. सगळं तपासून झाल्यावर काखेतली वही काढली आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. दहा-बारा दिवसांपूर्वीची, चार वाजून चाळीस मिनिटांची नोंद होती. शून्य नव्हतं. 'वास: किंचित. चहा. आलं. (हिच्या पदराला.)'

त्याखाली दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. कॉफीच्या ओळींत अजून शून्यच होतं.

"काका, मग सांगा ना काकूंना. वास परत येतोय म्हणून."

"सांगितलं तर तिचा चहा मला पकडावा लागेल," ते म्हणाले. "नियम आहे." वही मिटली. पायाने एक सैल फरशी दाबून बघितली. "आलं जास्त होतंय. पित्त आहे तिला. जाताना सांग, माझं नाव न घेता." आणि जिना उतरून गेले. थोड्याच वेळात खालून दळणाचा आवाज यायला लागला, चार वाजले होते.

काकू आल्या. शेवटचा चहा म्हणून त्यांनी आज पुडीत विलायचीही आणली होती. खिडकी बंद केली, आधण ठेवलं, आल्याचा तुकडा ठेचायला घेतला.

"काकू, आलं जरा कमी घाला," मी म्हटलं. "पित्ताला बरं नाही."

"कोण म्हणालं?"

"मीच म्हणतेय."

"तीन वर्षं तू हाच चहा पितेस गो. तुला कधी पित्त नाही आठवलं माझं." त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, जिन्याच्या दिशेने. मग स्वतःचा पदर उचलून नाकाशी नेला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या.

मी काही बोलले नाही. मी दोघांना तसं कबूल केलं होतं.

काकूंनी पुडीतून आल्याचा दुसरा, चांगला बोटभर तुकडा काढला आणि तोही ठेचून आधणात टाकला. झाकण ठेवलं नाही. उदबत्तीच्या पुड्याला हात लावला नाही. पुढे होऊन अंगणाकडची खिडकी उघडली, दोन्ही झडपा.

खाली दळण थांबलं. अर्धं मिनिट कोणी काही बोललं नाही.